इंग्रजीचं काय अडलंय? : ‘अजून’ कुठे बसवायचा

गेल्या अंकात प्रेझेंट परफेक्टवर, म्हणजे इंग्रजीतल्या हॅव-हॅजवाल्या काळावर, दोन पानं लिहिली आणि शेवटी सवयीने ‘काही अडलं तर विचारा’ असं जोडून दिलं. वर्गात हे वाक्य म्हटलं की मुलं खाली मान घालून वही चाळायला लागायची. वाचक तसे निघाले नाहीत. पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आले, एकाने तर नोटीस बोर्डाचाच फोटो पाठवला. बहुतेक सगळे खाडीच्या अलीकडचे-पलीकडचे : ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली. हॅव-हॅज आणि क्रियापदाचं तिसरं रूप सगळ्यांना येतं. घोडं अडतं ते जस्ट, ऑलरेडी, येट, स्टिल, एव्हर, सिन्स या बारक्या क्रियाविशेषणांपाशी. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय, तेव्हा फक्त गावं देते.

प्रश्न (पाचपाखाडी, ठाणे) : मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे. लिफ्टजवळच्या फळ्यावर मी नोटीस लावली : ‘द ओव्हरहेड टँक हॅज बीन क्लीन्ड यस्टरडे.’ दुसऱ्या दिवशी बघतो तर कोणीतरी पेनाने ‘हॅज बीन’ खोडून वर ‘वॉज’ लिहिलेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलीचं काम आहे हे नक्की. ‘टाकी काल साफ केली आहे’ असं आपण मराठीत सर्रास म्हणतो. मग माझं काय चुकलं?

उत्तर : सचिवसाहेब, मुलीचं बरोबर आहे. नोटिशीवर खाडाखोड करणं बरोबर की नाही, ते तुमच्या पुढच्या मीटिंगमध्ये ठरवा.

तुम्ही स्वतःच मूळ दुखण्यावर बोट ठेवलंय. मराठीत ‘केली आहे’ आणि ‘काल’ एका वाक्यात गुण्यागोविंदाने नांदतात. ‘मी हे काल वाचलंय’, ‘त्याला परवाच सांगितलंय’, यात कुणालाच काही खटकत नाही. इंग्रजीत हॅव-हॅजला संपलेला, तारीखवार काळ चालत नाही. यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१५, अ‍ॅट सेव्हन ओ’क्लॉक यातलं काहीही आलं की सिंपल पास्ट, म्हणजे साधा भूतकाळ.

‘द टँक हॅज बीन क्लीन्ड’ हे वाक्य आजबद्दल आहे. टाकी आता स्वच्छ आहे, नळ सोडायला हरकत नाही, एवढंच ते सांगतं. ती कधी धुतली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुम्हाला दिवसच सांगायचा असेल, म्हणजे टँकरवाल्याचं बिल लावायचंय वगैरे, तर ‘द टँक वॉज क्लीन्ड यस्टरडे.’ आणि कामगार आत्ताच खाली उतरले असतील तर ‘द टँक हॅज जस्ट बीन क्लीन्ड.’ यातली ‘जस्ट’ची जागा बघून ठेवा. दोन सहायक क्रियापदं आली की हे शब्द पहिल्याच्या लगेच मागे बसतात : हॅज जस्ट बीन, हॅज ऑलरेडी बीन, हॅज नेव्हर बीन. ‘हॅज बीन जस्ट क्लीन्ड’ असं पुष्कळ जण लिहितात, ते कानाला बोचतं.

वर्गात मी एक प्रश्न विचारायला लावायचे : ‘नेमकं केव्हा?’ वाक्यातल्या शब्दाने याचं उत्तर मिळत असेल तर हॅव-हॅज सोडा. ‘यस्टरडे’ने मिळतं. जस्ट, ऑलरेडी, येट, एव्हर, नेव्हर यांनी मिळत नाही. म्हणूनच त्यांचं प्रेझेंट परफेक्टशी जमतं.

‘टुडे’ आणि ‘धिस मॉर्निंग’ मात्र घड्याळ बघून वापरायचे. सकाळी दहाला ठाणे स्टेशनच्या पुलावरून तुम्ही ऑफिसला फोन करताय : ‘आय हॅव मिस्ड टू ट्रेन्स धिस मॉर्निंग.’ सकाळ अजून चालू आहे, तिसरीही सुटू शकते. हीच तक्रार दुपारी चारच्या चहाला केली तर ‘आय मिस्ड टू ट्रेन्स धिस मॉर्निंग.’ सकाळ संपली, हिशेब मिटला.

गाडीचा विषय निघालाच आहे तर ठाणेकरांच्या हक्काचं उदाहरण देते. ‘द फर्स्ट ट्रेन केम टू ठाणे ऑन १६ एप्रिल १८५३.’ बोरीबंदरहून निघालेली ती गाडी एकदाच पहिली होती, तारीख पक्की, तेव्हा ‘केम’. पण ‘ट्रेन्स हॅव रन बिटवीन मुंबई अँड ठाणे सिन्स १८५३.’ साल तेच, काळ मात्र बदलला, कारण ‘सिन्स’ म्हटल्यावर रेघ १८५३ पासून थेट आजच्या गर्दीपर्यंत आली.

जाता जाता : ‘युअर लेटर हॅज बीन रिसीव्ड ऑन ट्वेल्फ्थ जून’ अशी वाक्यं सरकारी आणि बिनसरकारी पत्रांत इतकी आढळतात की नवशिक्याला तीच नमुनेदार वाटतात. तीही तुमच्या नोटिशीच्याच पंगतीतली. ‘वॉज रिसीव्ड’ लिहा.

प्रश्न (ऐरोली) : आयटी कंपनीत आहे, क्लायंट लंडनचा. मी मेल टाकला : ‘स्टिल वुई हॅव नॉट रिसीव्ड द फाइल.’ मॅनेजर म्हणाले, भांडायला उठल्यासारखं वाटतं, ‘येट’ वापर. ‘अजून फाइल आली नाही’ एवढंच मला म्हणायचं होतं. ‘अजून’ला स्टिल म्हणायचं की येट?

उत्तर : आपला ‘अजून’ फार कामाचा शब्द आहे. ‘तो अजून आला नाही’, ‘तो अजून झोपलाय’, ‘अजून एक पोळी घे’. तिन्हीकडे एकच शब्द चालून जातो. इंग्रजीत पहिल्याला येट, दुसऱ्याला स्टिल, तिसऱ्याला मोअर किंवा अनदर. पोळीचं कुणी चुकत नाही. घोळ पहिल्या दोघांत होतो, कारण नकारार्थी वाक्यात स्टिलही येऊ शकतो.

आधी येट. नकार आणि प्रश्न, ही त्याची दोन ठिकाणं, आणि जागा वाक्याच्या शेवटी. ‘वुई हॅव नॉट रिसीव्ड द फाइल येट.’ यात राग नाही, रुसवा नाही. आलेली नाही, येईल अशी अपेक्षा आहे, एवढंच. अगदी औपचारिक पत्रात तो ‘नॉट’ला चिकटून मध्येही बसतो : ‘द फाइल हॅज नॉट येट बीन रिसीव्ड.’

स्टिलची जागा ‘हॅवन्ट’च्या आधी : ‘वुई स्टिल हॅवन्ट रिसीव्ड द फाइल.’ इथे आवाज चढतो. एव्हाना यायला हवी होती, किती वाट बघायची, हे न बोलता बोललं जातं. तेव्हा तुमचे मॅनेजर स्टिलच्या स्वभावाबद्दल बरोबर बोलले. पण तुमच्या वाक्यात दुसरंही एक आहे, ते त्यांनी सांगितलेलं दिसत नाही. तुम्ही स्टिल वाक्याच्या सुरुवातीला टाकलात. मराठीत ‘अजून’ सुरुवातीला शोभतो, ‘अजून फाइल आली नाही’, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. इंग्रजीत सुरुवातीच्या स्टिलचा अर्थ बहुधा ‘तरीही’ होतो. लंडनच्या माणसाने वाचलं असेल : ‘(एवढं सांगूनही) तरीही आम्हाला फाइल मिळालेली नाही.’ तुम्ही साधी आठवण केलीत, त्याच्यापर्यंत ठपका पोहोचला.

माझा सल्ला विचाराल तर पहिल्या स्मरणपत्रात येट. दुसऱ्यातही येट आणि एखादा प्लीज. तिसऱ्यात स्टिल काढा, तेव्हा तो शोभेल.

होकारार्थी वाक्यात येटला सहसा जागा नाही. ‘आय हॅव रिसीव्ड इट येट’ असं होत नाही, तिथे ऑलरेडी. याला एक अपवाद आहे आणि तो फसवा आहे : ‘वुई हॅव येट टू रिसीव्ह द फाइल.’ दिसायला होकार, अर्थाने नकार, म्हणजे ‘फाइल मिळायची आहे.’ बातम्यांमध्ये हे वारंवार येतं, वाचताना गोंधळू नका.

प्रश्नात येट आणि ऑलरेडी दोन्ही चालतात, पण सूर वेगळा. ‘हॅव यू सेंट इट येट?’ म्हणजे ‘पाठवलीस का?’ आणि ‘हॅव यू सेंट इट ऑलरेडी?’ म्हणजे ‘अगं बाई, इतक्यात पाठवलीससुद्धा?’ वरिष्ठांना दुसरा प्रश्न विचारताना जरा जपून. कौतुक वाटेल की घाई केलीत असं वाटेल, सांगता येत नाही.

ऑलरेडी हॅवच्या नंतर बसतो किंवा अगदी शेवटी : ‘आय हॅव ऑलरेडी सेंट द फाइल’, ‘आय हॅव सेंट द फाइल ऑलरेडी’. क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये त्याला घुसवू नका. ‘आय हॅव सेंट ऑलरेडी द फाइल’ हे चुकलंच. इंग्रजी क्रियापदाला आपलं कर्म शेजारीच लागतं.

आणि आपल्या ऑफिसांतला लाडका ‘टिल नाऊ’. कळतो सगळ्यांना. पण आकडा सांगताना ‘सो फार’ नेटका वाटतो : ‘सो फार वुई हॅव रिसीव्ड थ्री फाइल्स.’ ‘अन्टिल नाऊ’मध्ये बऱ्याचदा ‘आत्तापर्यंत तसं होतं, आता चित्र बदललं’ अशी छटा असते. ती तुम्हाला हवी असेल तरच वापरा.

प्रश्न (घणसोली) : मुलगा आठवीत आहे, मराठी माध्यम. ‘तू कधी माथेरानला गेला आहेस का?’ याचं भाषांतर त्याने ‘व्हेन हॅव यू गॉन टू माथेरान?’ केलं. बाईंनी लाल रेघ मारली, पण कारण लिहिलं नाही. मी बारावीपर्यंत शिकलेली आहे, मलाही सांगता आलं नाही.

उत्तर : तुमच्या मुलाने ‘कधी’ पाहिला आणि ‘व्हेन’ लिहिला. आठवीतल्या निम्म्या वर्गाने तेच केलं असणार. मराठीत ‘तू माथेरानला कधी गेलास?’ आणि ‘तू कधी माथेरानला गेला आहेस का?’ या दोन्हींत कधी आहे. पहिल्याला उत्तर तारखेचं : गेल्या मे महिन्यात. दुसऱ्याला उत्तर हो किंवा नाही. आपल्याला शेवटचा ‘का’ ऐकून फरक कळतो. इंग्रजीत शब्दच वेगळे : पहिल्याला व्हेन, दुसऱ्याला एव्हर.

म्हणून ‘व्हेन डिड यू गो टू माथेरान?’ आणि ‘हॅव यू एव्हर बीन टू माथेरान?’ वर पाचपाखाडीच्या सचिवांना सांगितलेली कसोटी इथेही लागते. व्हेन म्हणजेच ‘नेमकं केव्हा’, मग त्याच्याबरोबर हॅव कसा येईल?

‘गॉन’चंही बघा. ‘ही हॅज गॉन टू माथेरान’ म्हटलं तर तो तिथेच आहे, मिनी ट्रेनने परतलेला नाही. जाऊन आला असेल तर ‘ही हॅज बीन टू माथेरान.’

एव्हरचं मुख्य घर प्रश्नात. ‘हो, मी पाहिलाय’ म्हणताना ‘आय हॅव एव्हर सीन इट’ म्हणायचं नाही, नुसतं ‘आय हॅव सीन इट’ पुरे. होकारार्थी वाक्यात तो येतो तो ‘सर्वात’वाल्या विशेषणाबरोबर : ‘धिस इज द स्पायसिएस्ट मिसळ आय हॅव एव्हर ईटन.’ ठाण्यात हे वाक्य कुठे बसून म्हणायचं, ते मामलेदार कचेरीजवळून गेलेल्याला सांगायला नको.

नकाराला नेव्हर, आणि तिथे आणखी एक खड्डा आहे. आपण ‘मी कधीच गेलो नाही’ म्हणतो, म्हणजे ‘कधीच’ही आणि ‘नाही’ही. त्याच्यावरून मुलं ‘आय हॅव नॉट नेव्हर गॉन’ लिहितात. नेव्हरच्या पोटातच नाही आहे, दुसरा नॉट लागत नाही. ‘आय हॅव नेव्हर बीन टू माथेरान’ एवढंच. नुसतं छोटं उत्तर द्यायचं असेल तर शब्द उलटतात : ‘नो, आय नेव्हर हॅव.’ शेवटी हॅव एकटा उरला की नेव्हर त्याच्या आधी येऊन बसतो. ऑलरेडीचंही तसंच : ‘येस, आय ऑलरेडी हॅव.’

घरी करता येईल असं एक सांगते. त्याला जवळपासच्या जागांची नावं द्या : घारापुरी, येऊर, बेलापूरचा किल्ला, अटल सेतू. त्याने तुम्हाला विचारायचं : ‘हॅव यू एव्हर बीन टू घारापुरी?’ तुम्ही हो म्हणालात की पुढचा प्रश्न हॅवने विचारायला त्याला बंदी. ‘व्हेन डिड यू गो? हू वेंट विथ यू? डिड यू सी द केव्ह्ज?’ इंग्रजी गप्पा अशाच चालतात. पहिला प्रश्न एव्हरचा, आणि एकदा प्रसंग पकडला की सगळं डिडवर. व्याकरणाच्या पुस्तकात प्रत्येक काळाचं वेगळं प्रकरण असतं, त्यामुळे ही उडी मुलांना कुणी दाखवतच नाही. आणि हो, तुम्ही बारावीपर्यंतच शिकलात म्हणून मागे राहू नका. प्रश्न त्याने विचारायचेत, तुम्हाला ‘येस, आय हॅव’ आणि ‘नो, आय नेव्हर हॅव’ एवढंच म्हणायचंय.

प्रश्न (खारघर) : मुलाखतीत मी म्हणालो, ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स सिक्स इयर्स.’ समोरच्या बाई हसल्या. नोकरी मिळाली, पण ते हसू अजून टोचतंय.

उत्तर : नोकरी मिळाली ना, मग त्यांना हसू द्या. वाक्यात दोन गोष्टी दुरुस्त करायच्या आहेत आणि दोन्ही ‘पासून’मुळे. आपण ‘२०१९ पासून’ही म्हणतो आणि ‘सहा वर्षांपासून’ही. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण असेल तर सिन्स : सिन्स २०१९, सिन्स दिवाळी, सिन्स आय गॉट मॅरिड. मोजलेली मुदत असेल तर फॉर : फॉर सिक्स इयर्स. दुसरं म्हणजे ‘काम करतोय’ हा आपला वर्तमानकाळ तुम्ही ‘अ‍ॅम वर्किंग’ म्हणून उचलून नेलात. मागे सुरू होऊन अजून चालू असेल तर ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर सिक्स इयर्स.’

यातही मुलाखतीला जाणाऱ्याने लक्षात ठेवावं असं एक आहे. फॉर आला म्हणजे हॅव आलाच असं नाही. ‘आय वर्क्ड देअर फॉर सिक्स इयर्स’ हे वाक्य अगदी शुद्ध आहे, पण त्याचा अर्थ ‘ती नोकरी सोडली.’ नोटीस पिरियडवर असताना हे म्हणालात तर समोरचा ‘उद्याच जॉइन व्हा’ म्हणेल.

प्रश्न (कळवा) : नात न्यू जर्सीला असते. फोनवर जेवणाचं विचारलं तर म्हणाली, ‘आय ऑलरेडी एट, आजोबा.’ आधी मला वाटलं तिकडे आठ वाजले. मग कळलं. तिने ‘हॅव’ का गाळला? तिच्या शाळेत शिकवत नाहीत का?

उत्तर : आजोबा, नातीला बोल लावू नका. अमेरिकेत जस्ट, ऑलरेडी, येट यांच्याबरोबर साधा भूतकाळ बोलण्यात सर्रास चालतो : ‘आय ऑलरेडी एट’, ‘आय जस्ट गॉट होम’, ‘डिड यू ईट येट?’ इंग्लंडमध्ये वळण ‘आय हॅव ऑलरेडी ईटन’चं, आणि आपली शाळेची इंग्रजी त्याच वळणाची. तुमच्या इथल्या नातवंडांनी पेपरात हॅव लिहावा, न्यू जर्सीवालीने फोनवर गाळावा.

तुम्ही पत्राच्या शेवटी ‘जस्ट नाऊ’बद्दलही विचारलंय. ‘ही हॅज जस्ट नाऊ लेफ्ट’ आपल्याकडे फार ऐकू येतं. जस्ट एकटा असेल तर हॅज : ‘ही हॅज जस्ट लेफ्ट.’ जस्ट नाऊ म्हणजे ‘क्षणापूर्वी’, म्हणजे पुन्हा ‘नेमकं केव्हा’चं उत्तर. मग ‘ही लेफ्ट जस्ट नाऊ.’

प्रश्न (कोपरखैरणे) : मी नर्स आहे. ड्यूटी बुकात सहकाऱ्याबद्दल ‘ही हॅज कम लेटली’ लिहिलं. सिस्टर इनचार्ज म्हणाल्या, ‘लेट’ लिही. ‘एलवाय’ लावल्याशिवाय क्रियाविशेषण कसं होईल?

उत्तर : होतं. ‘लेट’ स्वतःच क्रियाविशेषण आहे, अर्थ उशिरा. ‘फास्ट’ आणि ‘हार्ड’ही असेच, त्यांनाही शेपूट लागत नाही. ‘लेटली’चा अर्थ अलीकडे, हल्ली, आणि तो बहुधा प्रेझेंट परफेक्टबरोबरच राहतो. त्याचा जवळचा नातेवाईक ‘रिसेंटली’ मात्र दोन्हीकडे जातो : ‘आय रिसेंटली मेट हर’ आणि ‘आय हॅव रिसेंटली मेट हर’ दोन्ही चालतात. एकदाच घडलेल्या गोष्टीला रिसेंटली बरा, सारख्या घडणाऱ्या गोष्टीला लेटली.

त्या दिवसापुरतं लिहायचं असेल तर वेळेसकट ‘ही केम लेट, अ‍ॅट एट थर्टी.’ आणि तुमचे सहकारी महिनाभर रोजच उशिरा येत असतील तर दोन्ही शब्द एकाच वाक्यात बसतात : ‘ही हॅज बीन कमिंग लेट लेटली.’ बुकात लिहिण्याआधी एकदा त्यांना तोंडी सांगून बघा. ट्रान्स-हार्बरची गाडी हेही कारण असू शकतं.